मानसशास्त्रात एमए करावं का? (कोल्हापूर आणि आसपासच्यांसाठी)

रंकाळा_चौपाटी (धागाकर्ता)

पदवीचे निकाल लागले की हा प्रश्न दरवर्षी दहा धाग्यांत विखरून पडतो. या वेळी एकाच ठिकाणी बोलू. 'आवड असेल तर कर', 'स्कोप चांगला आहे' असली उत्तरं नकोत. ज्यांना आतलं माहीत आहे त्यांनी लिहा: पदवीवर कायद्याने काय करता येतं, काय नाही, दोन वर्षांत नेमका अभ्यास काय असतो, मुलं कुठे अडकतात.

सुरुवात मी करतो. राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तरची रचना बदलली आहे. दोन वर्षांचे ८८ क्रेडिट, म्हणजे सत्राला २२. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे ४, दुसऱ्यात ओजेटी (कामाच्या जागी प्रत्यक्ष प्रशिक्षण) किंवा फील्ड प्रोजेक्टचे ४, तिसऱ्यात प्रकल्पाचे ४ आणि चौथ्यात ६. एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडलात तर पीजी डिप्लोमा हातात येतो, तेव्हा अगदीच नाही जमलं तर वर्ष पाण्यात जात नाही. शिवाजी विद्यापीठात मानसशास्त्राचा अधिविभाग आहे. तिथे आणि जवळच्या संलग्न महाविद्यालयांत चालू वर्षी कोणतं स्पेशलायझेशन खरोखर चालवलं जातंय ते प्रत्यक्ष जाऊन विचारा. माहितीपुस्तिकेत चार पर्याय छापलेले असतात आणि पुरेशी मुलं नसली की एकच चालतो.

---

आंबाघाट

सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढतो. नुसत्या एमएवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही. स्पेशलायझेशन क्लिनिकलचं असलं तरी नाही.

भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, १९९२ च्या कायद्याने चालते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी तिच्याकडे होते. नोंदणी नसताना त्या नात्याने काम केल्यास कलम १३ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचा आकडा किरकोळ वाटेल, पण त्याआधीचे शब्द वाचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधली व्याख्याही तशीच आहे. एकतर आरसीआयने मान्य केलेल्या संस्थेतली क्लिनिकलची पात्रता, नाहीतर मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर देखरेखीखाली रुग्णांबरोबरच्या प्रशिक्षणासह दोन वर्षं पूर्णवेळ एमफिल.

आता एमफिल. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ च्या नियमावलीत एमफिल बंद केलं. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिॲट्रिक सोशल वर्क या दोघांना तेवढी २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. म्हणजे आज जो एमएला प्रवेश घेणार, त्याने 'एमए, मग एमफिल' हा जुना जिना समोर आहे असं धरून चालू नये. आरसीआयने २०२४-२५ पासून स्वतःचे नवे अभ्यासक्रम आणलेत: चार वर्षांचं बीएससी क्लिनिकल सायकॉलॉजी ऑनर्स आणि दोन वर्षांचं एमए क्लिनिकल सायकॉलॉजी. शिवाय साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) आहे.

घोळ होतो तो इथेच. आरसीआयचं 'एमए क्लिनिकल सायकॉलॉजी' आणि एखाद्या खासगी विद्यापीठाचं त्याच नावाचं एमए या दोन वेगळ्या वस्तू आहेत. प्रमाणपत्रावरची अक्षरं सारखी, पण दुसऱ्यावर नोंदणी होत नाही. फी भरण्याआधी एवढं करा:

आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. त्यात संस्थेचं नाव, *अभ्यासक्रमाचं* नाव आणि मान्यता कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत आहे हे तिन्ही जुळतंय का बघा. मान्यता संस्थेला सरसकट नसते, अभ्यासक्रमाला असते. प्रवेशाच्या कार्यालयात 'प्रोसेसमध्ये आहे' असं सांगितलं तर त्याचा अर्थ आज मान्यता नाही. आणि शेवटचं, तो अभ्यासक्रम केल्यावर नोंदवहीत नाव कोणत्या पदनामाखाली चढतं ते विचारा. सगळ्यांना एकच पदनाम मिळत नाही.

---

उचगाव_नाका

आंबाघाट, हे सगळं ठीक आहे भावा, पण पोरांना असं वाटंल की एमए म्हणजे वायाच. समुपदेशकाचं काय? शाळेत, व्यसनमुक्ती केंद्रात, कंपनीत लोक कामं करतातच की.

---

आंबाघाट

करतात. 'समुपदेशक' या शब्दाला क्लिनिकलसारखं आरसीआयचं कुंपण नाही. २०२१ च्या कायद्याने एनसीएएचपी हा संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग आला आणि क्लिनिकल सोडून बाकीचे मानसशास्त्रज्ञ त्याच्या यादीत गेले. म्हणजे मोकळं रान आज आहे तसं राहणार नाही. त्याचा पहिला दणका बसलासुद्धा: या कायद्याखाली येणारे विषय, त्यात मानसशास्त्रही, दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवायचे नाहीत असं यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून ठरवलं. इग्नूचं एमए, जे नोकरी-संसार सांभाळून हजारो जण करायचे, तो रस्ता नव्या प्रवेशाला बंद. अजूनही कुणी एजंट 'घरबसल्या एमए सायकॉलॉजी' विकत असेल तर पैसे देऊ नका. आधी प्रवेश झालेल्यांना मात्र पूर्ण करता येतं.

---

गवतीचहा

उचगावकरांचा मुद्दा मला पटतो. समुपदेशकाची कामं आहेत. पण कोल्हापुरात ती कशी आहेत ते स्पष्ट लिहायला हवं.

शाळा: सीबीएसई संलग्नतेच्या नियमात समुपदेशक लागतो, म्हणून जागा निघतात. मुलाखतीत तीनच प्रश्न विचारा. स्वतंत्र खोली आहे का (दार बंद होणारी, स्टाफरूमचा कोपरा चालणार नाही). तासिका किती घ्याव्या लागतील. मुलाने सांगितलेलं मुख्याध्यापकांना किती सांगायचं याचं लेखी धोरण आहे का. पहिल्याच आठवड्यात 'मॅडम, ऑफ तास आहे, सातवी ब वर जा' सुरू झालं की समुपदेशन संपलं. जिच्याशी पोराने मोकळं व्हायचं तीच गैरहजेरीची नोंद करणार असेल तर तो बोलणार कसा?

सरकारी: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, एचआयव्ही समुपदेशन केंद्रं वगैरे. बहुतेक कंत्राटी. जाहिरात नीट वाचा, अनेक पदांना एमएसडब्ल्यूही (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) चालतं, आणि क्लिनिकलच्या पदाला आरसीआय नोंदणी मागतात.

मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात बसणं: सत्रामागे टक्केवारीवर. महिन्याचा आकडा बांधील नसतो, रुग्ण आला नाही तर पैसे नाहीत. ठरवताना 'न येणाऱ्या' सत्राचं काय हे आधीच बोला.

एमआयडीसी (शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित): औद्योगिक मानसशास्त्र करून एचआरमध्ये जाईन असं म्हणणारे बरेच. फौंड्र्यांना एचआरसाठी एमबीए किंवा एमएसडब्ल्यू माणूस लागतो. मोठ्या कारखान्यात कायद्याने कल्याण अधिकारी सक्तीचा आहे, त्याची पात्रता वेगळ्या नियमांत दिलेली आहे. ते डोक्यात असेल तर शहरातच सायबर या संस्थेत एमएसडब्ल्यू आहे, आधी तिकडे चौकशी करा.

---

टी_टेस्ट

करिअरचं पुष्कळ झालं. दोन वर्षं मुलं कशात बुडतात ते सांगतो: संख्याशास्त्र. बारावी कला, बीए मराठी माध्यम, गणित दहावीला सोडलेलं, आणि पहिल्याच सत्रात संशोधन पद्धती. इथे एक चूक पिढ्यानपिढ्या चालत आली आहे, 'नमुना ३०-३० चा घ्या'.

दोन गटांची तुलना करायची आहे, फरक मध्यम (कोहेनचा डी, म्हणजे फरक किती मोठा त्याचं माप, ०.५) अपेक्षित आहे, सार्थकता पातळी (नसलेला फरक 'आहे' म्हणण्याचा धोका) ०.०५ दुहेरी आणि शक्ती (असलेला फरक सापडण्याची शक्यता) ८० टक्के हवी, तर एका गटात ६४ माणसं लागतात. ३० घेतली तर खरोखर असलेला फरकही निम्म्याहून जास्त वेळा सापडत नाही. मग निष्कर्षात 'फरक आढळला नाही' लिहायचं, आणि तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक शांतपणे विचारतात, नमुना कसा ठरवला? सहसंबंध ०.३० शोधायचा असेल तर साधारण ८५. जीपॉवर नावाचं फुकट सॉफ्टवेअर हा हिशेब एका मिनिटात करून देतं. विषय ठरवायच्या आधी करा, माहिती गोळा झाल्यावर नाही.

दुसरी गोष्ट, गुगल फॉर्म. व्हॉट्सॲप गटात लिंक टाकली की भरणारे सगळे २० ते २२ वयाचे, एकाच कॉलेजचे, एकमेकांचे मित्र. शीर्षक मात्र 'कोल्हापूर जिल्ह्यातील प्रौढांचा ताण'. शीर्षक लहान करा किंवा पायपीट करा, तिसरा मार्ग नाही. आलेला डेटा साफ करताना सगळीकडे '३' भरलेले फॉर्म काढा, उलट गुणांकनाची विधानं (ज्यांत 'सहमत' म्हटलं की गुण कमी) फिरवली का ते तपासा. क्रोनबाख अल्फा (प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप) ०.४० आला तर नव्वद टक्के वेळा ही विधानं फिरवायची राहिलेली असतात.

एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या विकतच्या सॉफ्टवेअरची चोरीची प्रत शोधत बसू नका. जामोवी फुकट आहे, टी, अनोव्हा, सहसंबंध, अल्फा, घटक विश्लेषण सगळं होतं.

---

रंकाळा_चौपाटी

प्रश्नावल्यांबद्दल पण लिहा ना. मराठीत उपलब्ध नाही म्हणून मुलं स्वतःच भाषांतर करून वापरतात.

---

टी_टेस्ट

तेच तर. किमान रीत अशी: दोघांनी स्वतंत्र मराठी करायचं, दोन्हीचं एक करायचं, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्याने परत इंग्रजी करायचं, मुळाशी ताडायचं, मग १०-१५ जणांना वाचायला देऊन 'याचा अर्थ तुम्ही काय घेतला' असं तोंडी विचारायचं. गडहिंग्लज-चंदगडकडचा माणूस आणि पेठेतला माणूस एकच वाक्य वेगळं घेतो. आणि परवानगी. पीएचक्यू-९ ही नैराश्याची छोटी प्रश्नावली मोफत वापरता येते, बेकची नैराश्य प्रश्नावली प्रकाशकाच्या हक्कातली आहे. वाचनालयातल्या जुन्या प्रबंधाच्या परिशिष्टातून झेरॉक्स काढणं म्हणजे परवानगी नव्हे.

---

बिंदू_रेषा

चाचण्यांच्या प्रात्यक्षिकाबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि माझ्या मते आपला पिंड या कामाचा आहे की नाही ते तिथेच कळतं. (चाचण्यांतले प्रत्यक्ष प्रश्न कृपया इथे टाकू नका. पालक आधी वाचून मुलाकडून घोकून घेतात, चाचणी बाद होते.)

साधं उदाहरण, आकडे ऐकून पुन्हा म्हणायचे. सेकंदाला एक आकडा, सपाट आवाज, शेवटच्या आकड्यावर आवाज किंचित खाली. सोपं वाटतं? आपल्या बोलण्यातला हेल मध्ये येतो. नकळत दोन-दोनचे गट पडतात, 'सात-दोन, नऊ-चार', आणि गट केलेले आकडे लक्षात ठेवायला सोपे असल्यामुळे मुलाचे गुण फुगतात. मग बरोबर उत्तरावर मान डोलावणं, चुकल्यावर 'असू दे बाळा' म्हणणं. प्रेमळ स्वभावाच्या विद्यार्थ्यांना हे सोडणं सगळ्यात जड जातं.

वयाचा हिशेबही चुकतो. चाचणी १२ जून २०२५, जन्म २५ सप्टेंबर २०१५. दिवस १२ मधून २५ जात नाहीत, महिन्यातून ३० उसने घ्या: ४२ वजा २५, १७. उरलेल्या ५ महिन्यांत वर्षाचे १२ मिळवा: १७ वजा ९, ८. वर्षं २०२४ वजा २०१५, ९. वय ९ वर्षं ८ महिने १७ दिवस. इथे दहा वर्षं धरलीत तर तक्ता दुसरा उघडतो आणि बुद्ध्यंक बदलतो. त्या आकड्यावर मुलाची शाळा, सवलत, घरातली बोलणी सगळं ठरतं. नुसता ७० खालचा आकडा म्हणजे बौद्धिक अक्षमता नव्हे, रोजच्या व्यवहारातली कुवत वेगळी मोजावी लागते, हेही एमएच्या मुलांच्या अहवालात हमखास सुटतं.

आपल्या भागात अजून बिने-कामत वापरात आहे, मराठी आणि कानडीत केलेली. भाषेची सोय उत्तम, पण मानकं (ज्यांच्याशी मुलाचे गुण ताडायचे ते आकडे) फार जुनी. कोणती चाचणी का निवडली याचं एक वाक्य अहवालात लिहायची सवय पहिल्या सत्रापासून लावा. आणि सराव म्हणून केलेल्या चाचणीचा निकाल शेजारच्या काकूंना सांगायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी.

---

उचगाव_नाका

बिंदूताई, लई भारी. ओजेटीबद्दल बी सांगा कुणीतरी. ४ क्रेडिट म्हणजे किती तास? सीपीआरला (सरकारी रुग्णालयात) घेतात का?

---

गवतीचहा

प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२०. रोज सहा तास धरले तर २० दिवस. सीपीआरला मनोविकार विभाग आहे, पण तो शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा भाग आहे. दारात जाऊन 'मी शिकायला आलेय' म्हणून होत नाही. अधिविभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, ते अधिष्ठाता कार्यालयात आवकला देऊन पोचीचा शिक्का, मग विभागप्रमुखांची संमती. दुसऱ्या सत्रात सुरुवात करायची तर पत्र पहिल्या सत्राची परीक्षा संपण्याआधी गेलं पाहिजे. मधे सुट्ट्या आणि बदल्या असतात, एखादं पत्र टेबलावर महिनाभर झोपतं.

एकाच जागेवर अवलंबून न राहता व्यसनमुक्ती केंद्र, विशेष मुलांची शाळा, वृद्धाश्रम यांतलं एक नाव हाताशी ठेवा. बसायच्या आधी ठरवून घ्या: काम कोण दाखवणार, आठवड्यातून एकदा तरी तुमच्या नोंदी कोण वाचणार. हे नसेल तर २० दिवस केसपेपर लावण्यात जातात. नोंदवहीत तारीख, तास, काय पाहिलं, सही. रुग्णाचं नाव, गाव, फोटो काहीही नाही. आद्याक्षरंही टाळा, क्रमांक द्या. एसटीत बसून 'आज एक केस आली होती' अशा गप्पा बंद. कोल्हापूर लहान आहे, मागच्या सीटवर त्याच घरचं कुणीतरी असतं.

रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय हा दुसरा चांगला पर्याय. राज्यात अशी चारच आहेत, बाकी येरवडा, ठाणे, नागपूर. तीव्र स्वरूपाचा आजार वर्गात शिकून समजत नाही, तो वॉर्डात दिसतो. पण रोज येऊन-जाऊन होणार नाही, राहायची सोय बघून जा.

---

पन्हाळ्याची_वाट

प्राध्यापकीचा विचार करणाऱ्यांसाठी. पात्रता: एमएला ५५ टक्के (राखीव ५०) आणि नेट किंवा सेट (राष्ट्रीय किंवा राज्य पातळीची पात्रता परीक्षा). नेटमध्ये पहिला पेपर ५० प्रश्न १०० गुण, दुसरा १०० प्रश्न २०० गुण, दोन्ही मिळून तीन तास, चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नका. प्रश्न इंग्रजी-हिंदीत असतात, मराठीत नाहीत. मराठीतून तयारी करणाऱ्याने संज्ञांची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. दुसऱ्या पेपरच्या दहा घटकांत पहिल्या घटकात भगवद्गीता, बौद्ध विचार, सूफी परंपरा आहे. ते मुलं 'हे काय मानसशास्त्र' म्हणून सोडतात आणि हातचे गुण घालवतात. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची अधिछात्रवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,०००.

कटू भाग. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून आहे, पण ते नियमित पदाला. प्रत्यक्षात बरीच वर्षं तासिका तत्त्वावर जातात, तासांप्रमाणे पैसे, उन्हाळ्यात शून्य. आणि मानसशास्त्र हा स्पेशल विषय असलेली महाविद्यालयं मराठी-इतिहासाइतकी नाहीत. आपल्या तीन-चार जिल्ह्यांत किती महाविद्यालयांत हा विषय टीवायला आहे आणि तिथे शिकवणाऱ्यांची निवृत्ती कधी, ही यादी स्वतः करा. एका रविवारचं काम आहे. कनिष्ठ महाविद्यालयासाठी एमएबरोबर बीएड लागतं, ती दोन वर्षंही हिशेबात धरा.

यूपीएससीला वैकल्पिक विषय म्हणून मानसशास्त्र घेता येतं, २५० गुणांचे दोन पेपर. पण त्यासाठी एमए करायची गरज नाही, कुठल्याही पदवीवर तो विषय घेता येतो.

---

बिंदू_रेषा

एक रस्ता सगळे विसरतात. विशेष मुलांबरोबरच काम करायचं मनात असेल तर बीएड स्पेशल एज्युकेशन बघा. त्यावर थेट आरसीआय नोंदणी होते. 'एमए करून मग काहीतरी' यापेक्षा हे बीएड करणाऱ्या मुलीचा रस्ता दोन वर्षांनी जास्त स्पष्ट असतो. मानसशास्त्रवाल्यांना हे जरा कमीपणाचं वाटतं, का ते मला कळलेलं नाही.

---

उचगाव_नाका

आणि कुस्ती-फुटबॉलवाल्यांसाठी स्पोर्ट्स सायकॉलॉजी? इथं तालमी पन्नास, आणि पैलवान कुस्तीआधी रात्रभर जागा.

---

आंबाघाट

गरज शंभर टक्के, पैसे देणारा सापडणं मुश्कील. तालमीत वस्तादांचा शब्द चालतो, तुम्ही त्यांच्यामार्फतच आत जाल. पहिली नोकरी म्हणून नको, दुसऱ्या कामाला जोडून करा.

---

दाजीपूर_गवा

बाकी विषयातून पदवी झालेल्यांनी काय करावं? आणि आवड खरी आहे का हे फी भरायच्या आधी कसं तपासायचं?

---

टी_टेस्ट

दुसऱ्या विषयाच्या पदवीवर प्रवेश मिळतो का हे विद्यापीठागणिक बदलतं, त्या वर्षीचं प्रवेश परिपत्रक बघा. टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), मुंबई, पुणे सगळ्यांचे नियम वेगळे.

तपासायची रीत: एनसीईआरटीची अकरावी-बारावीची मानसशास्त्राची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत, ती सलग वाचा. मग विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात, आत जायची परवानगी घेऊन, किंवा घरी शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर, मानसशास्त्राचा कुठलाही एक प्रबंध उघडा. प्रस्तावना सोडा, थेट निष्कर्षांच्या तक्त्यांवर जा. तक्ते बघून 'हे कसं काढलं असेल' असं वाटलं तर या. नुसते मनोविकारांचे किस्से आवडत असतील तर ती वाचनाची आवड आहे, तिला दोन वर्षं आणि फी लागत नाही.

आणि स्वतःच्या त्रासावर उत्तर शोधायला एमए करू नका. वर्गात विकृतीमानसशास्त्र सुरू झालं की प्रत्येक लक्षण आपल्यातच दिसू लागतं. त्रास असेल तर आधी माणूस गाठा; टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

---

गवतीचहा

पैशांचं एक राहिलं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि प्रवर्गानुसार बाकी योजना आहेत. प्रवेश घेताना तो अभ्यासक्रम पोर्टलवर दिसतो का ते महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कारकुनाला विचारा. नवीन अभ्यासक्रम मॅप झालेला नसतो आणि अर्जच भरता येत नाही. उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा, तो जूनमध्ये सेतूत गर्दी व्हायच्या आधी काढा. पुढे पीएचडी करणाऱ्यांना सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत.

---

रंकाळा_चौपाटी

छान जमलं. अधिविभागात चौकशीला जाताना विचारायचे प्रश्न वरून एकत्र करतो: या वर्षी चालणारं स्पेशलायझेशन, पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिकेवर किती, चाचण्यांचे संच मूळ आहेत की झेरॉक्स, मागच्या तुकडीची ओजेटी कुठे झाली, मराठीतून उत्तरं लिहायची मुभा. दुपारी दोनच्या आत जा, आणि जमलं तर दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याचं प्रात्यक्षिकाचं जर्नल चाळायला मागा.